चिकूची तुळई
(वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डहाणू-घोलवडच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलाला कच्चा चिकू खाऊ नये हे वेगळं शिकवावं लागत नाही. एकदा चावा घेतला की ओठ चिकटतात, जीभ जड होते आणि दातांवर बसलेला चीक संध्याकाळपर्यंत निघत नाही. सहावीत असताना असेच चिकटलेले ओठ घेऊन मी भूगोलाच्या तासाला बसले होते. सरांनी प्रश्न विचारला. उत्तर येत होतं, पण तोंड उघडेना. सर रागावले नाहीत. भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला होता. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेला जोडणारी जी निमुळती पट्टी आहे, तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा चीक इथला आहे. तिथली माणसं तो मुद्दाम चघळतात." वर्ग हसला आणि तास पुढे सुरू झाला. पण ते बोट माझ्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही. पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि आयुष्यभर शिकवलं. निवृत्त झाल्यावर पहिला मोठा प्रवास केला, तो त्या बोटाखालच्या जागेचा. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. सर गेले त्या वर्षी मी त्यांना म्हटलं होतं की एकदा हे सगळं नीट सांगेन. आज ते सांगते.

ग्वाटेमालाच्या उत्तरेला पेतेन नावाचा सखल, जंगली प्रदेश आहे. तिथल्या सरोवरातल्या फ्लोरेस या छोट्या बेटगावातून साधारण ६५ किलोमीटर गेलं की तिकाल लागतं. माया लोकांच्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी हे एक. आजचं राष्ट्रीय उद्यान ५७६ चौरस किलोमीटरचं आहे आणि १९७९ पासून त्याचा जागतिक वारशात समावेश आहे. तिथे जाणारे बहुतेक प्रवासी पहाटे अंधारात निघतात, चौथ्या मंदिराच्या लाकडी जिन्यानं वर चढतात आणि जंगलाच्या माथ्यावरून उगवणारा सूर्य पाहतात. मीही गेले. साठ मीटरांहून उंच जागी, धुक्यात बसले. खाली हाऊलर माकडं ओरडत होती. तो आवाज प्रथम ऐकणाऱ्याला एखादं मोठं श्वापद जवळ आल्यासारखं वाटतं. हळूहळू धुकं विरलं आणि झाडांच्या हिरव्या पाठीतून दगडी शिखरं वर आली.

तो देखावा खरोखर भव्य आहे. पण तो पाहून लगेच परतू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उंचावरून तिकाल पाहिलं की मनात एक वाक्य आपोआप तयार होतं: जंगलानं गिळलेलं शहर. प्रवासाच्या कितीतरी पुस्तकांत ते छापलेलं आहे. मीही ते मनात घेऊनच खाली उतरले. दुपारी राजवाड्याच्या एका अंधाऱ्या दालनात मान वर केली, तेव्हा ते गळून पडलं.

मुख्य चौकाच्या दक्षिणेला राजवाड्यांचा समूह आहे. त्यातल्या एका वाड्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेओबर्ट मालर हा छायाचित्रकार मुक्कामाला होता. आता त्याच्याच नावानं तो वाडा ओळखला जातो. दालनं लांबट आणि अरुंद आहेत, हात पसरले तर दोन्ही भिंती जवळ वाटतात. याचं कारण छतात आहे. दोन्ही बाजूंचे दगड थराथरानं थोडे थोडे पुढे काढत नेऊन वर झाकणीच्या दगडानं जोडलेले आहेत. आपल्याकडे मंदिरांच्या छताविषयी लिहिताना अभ्यासक ज्याला कदलिकाकरण म्हणतात, तीच ही रीत. अशा छताखाली रुंद खोली होऊ शकत नाही. आणि दाराच्या जागी तर वरचा दगड पेलायला आडवं काहीतरी लागतंच. आपल्या जुन्या वाड्यांत तिथे गणेशपट्टी असते, आजचा गवंडी तिला लिंटेल म्हणतो. तिकालच्या त्या दारावर लाकडाच्या तुळया आहेत. तांबूस काळपट, कडा अजून धारदार, वर टनावारी दगड, आणि वय हजार वर्षांहून जास्त. मी वाटाड्याला लाकडाचं नाव विचारलं. तो म्हणाला, "चिकोसापोते."

चिकोसापोते म्हणजे आपला चिकू.

घोलवडच्या वाडीत चिकूचं झाड कसं दिसतं ते तुम्हाला माहीत आहे. छत्रीसारखं, खालच्या फांद्या हाताला येतील असं. आपण त्याचं कलम रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या खुंटावर बांधतो. मूळ इथलं आणि वरचं झाड तिथलं. पेतेनच्या जंगलात तेच झाड तीस मीटर सरळ वर जातं आणि त्याचं खोड दोघांच्या कवेत मावत नाही. लाकूड इतकं घट्ट की ताजा ओंडका पाण्यात बुडतो. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. माया कारागिरांकडे लोखंड नव्हतं, तांब्याची अवजारंही नव्हती. चकमकीच्या जातीच्या दगडाच्या कुऱ्हाडींनी त्यांनी हे लाकूड तोडलं, तासलं, आणि मंदिरांच्या आतल्या दारांसाठी त्यावर नक्षी, माणसं आणि अक्षरं कोरली.

त्यातली काही अक्षरं एका राजाची गोष्ट सांगतात. तिकालच्या चौकातलं पहिलं मंदिर, साधारण ४५ मीटर उंचीचं, छायाचित्रांत सगळ्यांनी पाहिलेलं, ते हासाव चान काविल या राजाचं. तो ६८२ साली गादीवर आला. त्याआधीचा काळ तिकालसाठी वाईट होता. ५६२ साली शत्रूंकडून मोठा पराभव झाला आणि मग सुमारे १३० वर्षं त्या शहरात नवा कोरीव स्तंभ उभा राहिला नाही. पिढ्यान् पिढ्या शिल्पकार होते, दगड होता, पण कोरायला विजय नव्हता. उत्तरेकडचं कालाकमुल हे बलाढ्य राज्य तिकालचं मोठं वैरी. ६९५ च्या ऑगस्टमध्ये हासावनं कालाकमुलच्या राजाचा पराभव केला. त्या विजयाची हकीकत पहिल्या मंदिराच्या आतल्या दारावर, चिकूच्या तुळईवर कोरलेली होती. १९६२ साली त्याच मंदिराखाली त्याची समाधी सापडली. तिच्यात जेड होतं, शिंपले होते आणि कोरलेली हाडं होती. एका हाडावर होडी कोरलेली आहे, आणि त्या होडीतून वल्हेकरी देव मक्याच्या देवाला घेऊन चालले आहेत. राजा स्वतःला त्या मक्याच्या जागी पाहत होता: जमिनीखाली जाणारा आणि पुन्हा उगवणारा.

हे सगळं आपल्याला कळलं कसं? इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण या कथेचा गाभा मराठी माणसाला जितका चटकन कळेल तितका फार थोड्यांना कळेल.

१५६२ च्या जुलैमध्ये युकातानमधल्या मानी या गावी दिएगो दे लांदा नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूनं माया लोकांच्या मूर्ती आणि पोथ्या जाळल्या. झाडाच्या सालीच्या कागदावर लिहिलेल्या अशा पोथ्यांपैकी आज जगात चारच उरल्या आहेत. याच लांदानं पुढे माया लोकांच्या रीतिरिवाजांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात त्यांची अक्षरं नोंदवायचा प्रयत्न केला. त्याच्या समोर शिकलेला माया लेखनिक बसलेला होता. लांदा स्पॅनिश अक्षरांची नावं घेई आणि लेखनिक त्या उच्चाराचं चिन्ह काढी. ती लिपी कोणत्या तत्त्वावर चालते हे लांदाला कळलंच नव्हतं. एका जागी तर, मला नको, अशा अर्थाचं वाक्यच माया अक्षरांत लिहिलेलं आहे.  लांदाचा ग्रंथ १८६० च्या दशकात माद्रिदच्या ग्रंथालयात सापडून छापला गेला. विद्वानांनी ती चिन्हं एकेका अक्षराची मानून वाचली आणि हाती काही लागलं नाही. मग बहुतेकांनी ठरवून टाकलं की ही लिपीच नव्हे, ही चित्रं आहेत, यात फक्त तारखा आणि देव आहेत.

१९५२ साली लेनिनग्राडमधल्या युरी क्नोरोझोव या तरुण संशोधकानं एक लेख लिहिला. त्यानं तोवर एकही माया अवशेष डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. त्याचं म्हणणं असं होतं की लांदानं विचारलं अक्षर, पण लेखनिकानं लिहून दिलं ते व्यंजन आणि स्वर मिळून होणारं एक चिन्ह. म्हणजे क् नव्हे, का, कि, कु. आपली बाराखडी. टर्कीच्या चित्राशेजारी दोन चिन्हं होती. पहिलं कु, दुसरं त्सु. शब्द मात्र कुत्स, शेवटचा स्वर लिहायचा पण उच्चारायचा नाही. कुत्र्याच्या चित्राशेजारी त्सु आणि लु, शब्द त्सुल. जगातल्या मोठमोठ्या पंडितांना हे पटायला वीस वर्षं लागली. ब्रिटिश अभ्यासक एरिक थॉम्प्सन यांनी त्याला अखेरपर्यंत विरोध केला. पण आपल्याकडचं पहिलीतलं मूल काय करतं? घर लिहितं तेव्हा र च्या पोटात अ असतो, आणि वाचताना ते तो गिळून टाकतं. लिहिलेला स्वर न उच्चारणं आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की ही युक्ती आहे हेही आपण विसरलो आहोत. मला जेव्हा हे उमगलं तेव्हा तिकालच्या संग्रहालयात एका स्तंभासमोर मी किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. दोन्ही लिप्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण पृथ्वीच्या दोन टोकांना माणसांनी आवाजाचे तुकडे पाडताना एकाच जागी सुरी चालवली.

त्यानंतर तात्याना प्रोस्कुरियाकोफ या विदुषींनी १९६० साली दाखवून दिलं की पिएद्रास नेग्रासच्या स्तंभांवरच्या तारखा या राजांचे जन्म, राज्यारोहणं आणि मृत्यू आहेत. एका पिढीच्या आत दगड बोलू लागले. क्नोरोझोवला ग्वाटेमालाला प्रत्यक्ष जाता आलं ते १९९० मध्ये. तेव्हा त्यानं पासष्टी ओलांडली होती. ज्या देशाची लिपी त्यानं वाचली, तो देश पाहायला त्याला जवळपास चाळीस वर्षं थांबावं लागलं.

आता पुन्हा तुळईकडे येऊ, कारण त्या लाकडानं अक्षरांपलीकडेही साक्ष दिली आहे. माया लोकांची मोठी कालगणना ख्रिस्तपूर्व ३११४ पासून एकेक दिवस मोजत येते. पण त्यांचा अमुक दिवस म्हणजे आपला कोणता दिवस, यावर विद्वानांत मोठा वाद होता. काही मतांत शेकडो वर्षांचं अंतर पडत होतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिकालच्या पहिल्या मंदिरातल्या चिकूच्या तुळईची कार्बन पद्धतीनं तपासणी झाली. झाड सातव्या शतकाच्या उत्तरार्धात तोडलेलं निघालं. राजाचा विजय ६९५ चा, त्यामुळे जे गणित आधीपासून सर्वांत जास्त मान्य होतं तेच बरोबर ठरलं. २०१२ च्या डिसेंबरमध्ये जग बुडणार म्हणून आपल्याकडच्या वाहिन्यांनी जो गदारोळ केला होता, तो याच कालगणनेच्या नावावर. तिथे फक्त एक मोठा आकडा पूर्ण होऊन पुढचा सुरू झाला होता. तारखा जुळवायच्या तर लाकडाच्या वाढीचे थर मोजावे लागतात, ते कष्ट कोणत्या वाहिनीनं घेतले?

दुसरी साक्ष दुःखाची आहे. डेव्हिड लेंट्झ या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं तिकालच्या मंदिरांतल्या आणि वाड्यांतल्या तुळया तपासल्या. हासावच्या काळातल्या तुळया जाड, लांब आणि सरळ आहेत. शेकडो वर्षं राखलेल्या जंगलातून आणाव्यात तशा. त्याच्या मुलाच्या, यिकिन चान काविलच्या काळात, साधारण ७४१ नंतर, चिकूच्या जागी लॉगवूड येतं. ते लाकूड मजबूत असतं, पण वेडंवाकडं वाढतं आणि त्यावर कोरणं अवघड. नवव्या शतकाच्या सुरुवातीला तिसऱ्या मंदिरात पुन्हा चिकू दिसतो, पण बारीक. मोठी झाडं संपली होती. चौक, मंदिरं आणि तलावांचे तळ चुन्यानं गिलावा केलेले असत. चुना भाजायला लाकूड हवं, आणि स्वयंपाकालाही हवंच. त्यात नवव्या शतकात अवर्षणाच्या वर्षांची रांग लागली. तिकालला नदी नाही, सगळं शहर पावसाचं पाणी साठवून जगत होतं. तिथला शेवटचा कोरीव स्तंभ ८६९ सालचा आहे.

म्हणून म्हणते, जंगलानं शहर गिळलं हे वाक्य उलटं आहे. आधी शहरानं जंगल खाल्लं. मग माणसं हळूहळू दुसरीकडे गेली, काही उत्तरेला युकातानमध्ये, काही सरोवरांच्या काठी. आणि मग जंगल परत आलं. तेही कोणतं? आज पेतेनच्या अवशेषांभोवती चिकू, रामोन आणि अशाच उपयोगी झाडांची दाटी दिसते. माया लोकांनी परसात आणि राईत जी झाडं राखली त्यांचीच ही संतती असावी, असं अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांचं मत आहे. मला ते पटतं. कोकणात एखादं ओसाड जोतं दिसलं की शेजारी आंबा-फणस असतोच. घर पडलं तरी परस उभं राहतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे, कारण सभेनंतर कोणीतरी विचारतंच. माया म्हणजे आपला मयासुर का? नाही. नावातल्या साम्यापलीकडे तिथे काहीही नाही. माया हा शब्द युकातानमधला, तोही बाहेरच्यांनी सगळ्यांना सरसकट लावलेला. डोंगराळ भागातली माणसं स्वतःला किचे, काकचिकेल, माम अशा नावांनी ओळखतात. परग्रहवासीयांच्या कथा सांगणाऱ्या डेनिकेन या लेखकाची पुस्तकं मराठीत भरपूर वाचली गेली. पालेंक या दुसऱ्या माया शहराच्या पाकाल राजाच्या शवपेटीवरचं झाकण म्हणजे यानात बसलेला अंतराळवीर, असं त्यात आहे. ते झाकण १९५२ साली अल्बेर्तो रुस या पुरातत्त्वज्ञानं शोधलेल्या समाधीतलं आहे, आणि त्यावरची अक्षरं आज वाचता येतात. तो ६८३ साली वारलेला राजा आहे आणि त्याच्यामागे विश्ववृक्ष उगवतो आहे. ही मंदिरं असुरांनी बांधली, परग्रहवासीयांनी बांधली, असं म्हणताना आपण एकाच गोष्टीला नकार देत असतो: ही तिथल्याच माणसांनी बांधली, आणि त्यांची नातवंडं अजून तिथेच राहतात.

ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत सुमारे ६२ लाख लोकांनी, म्हणजे जवळपास ४२ टक्क्यांनी, आपण माया असल्याचं नोंदवलं. याच देशात १९६० ते १९९६ असं ३६ वर्षं यादवी युद्ध झालं. त्यात दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली, आणि सत्यशोधन आयोगाच्या अहवालानुसार ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. ज्या माणसांना आपण पर्यटनाच्या पुस्तकांत लुप्त म्हणतो, त्यांना माझ्या हयातीत गावंच्या गावं जाळून मारलं जात होतं. मी तेव्हा इथे वर्गात वनस्पतींची कुळं शिकवत होते आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. त्याची टोचणी आहे, ती लपवत नाही.

तिकालच्या चौकात दुसऱ्या दिवशी एक पूजा पाहिली. एक कुटुंब आलं होतं. सोबत दिवस मोजणारे गुरुजी होते, किचे भाषेत अशांना आखकिख म्हणतात. २६० दिवसांचं पंचांग डोंगरात अखंड चालत आलं आहे, राजे गेले तरी ते थांबलं नाही. जमिनीवर मेणबत्त्या मांडल्या. पूर्वेला तांबडी, पश्चिमेला काळी, उत्तरेला पांढरी, दक्षिणेला पिवळी. मध्ये कोपाल पेटवला. हा झाडाचा डिंक, त्याचा वास आपल्या राळेच्या जवळचा. पर्यटकांचे कॅमेरे बाहेर निघाले. आजीबाईंनी एकदाच मान वळवून पाहिलं आणि पुन्हा अग्नीकडे वळल्या. मी कॅमेरा पिशवीत टाकला. आपल्या देवळात कोणी परका आरतीच्या वेळी उभा राहिला तर त्यानं कसं उभं राहावं असं आपल्याला वाटेल, तसंच उभं राहावं. मी चपला काढल्या. तिथे तसा नियम नाही, पण पाय आपोआप मोकळे झाले.

आता त्या चिकाविषयी बोलते, ज्याच्यावर सरांनी बोट ठेवलं होतं.

चिकल म्हणजे चिकूच्या खोडाचा चीक. आपल्या चीक या शब्दाशी त्याचं नातं नाही. ते नाव मेक्सिकोतल्या नाव्हात्ल भाषेतून, चिकट या अर्थाच्या शब्दावरून आलं. १८७० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या थॉमस ॲडम्सनं त्यापासून रबर करून पाहिलं. ते जमलं नाही म्हणून चघळायची गोळी केली. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरचं च्युइंगगम या जंगलातल्या झाडांवर चाललं. चीक काढणाऱ्यांना चिक्लेरो म्हणतात. पावसाळ्यात झाड भरतं, म्हणून त्यांचा हंगाम ऐन पावसात. कमरेला दोर, पायाला लोखंडी काटे, हातात कोयता. वर चढत जाताना सालीवर नागमोडी चिरा घालायच्या, म्हणजे चीक एकातून दुसऱ्यात वाहत बुंध्याशी बांधलेल्या पिशवीत उतरतो. मग तो मोठ्या कढईत आटवून त्याच्या विटा पाडायच्या. दोर कोयत्यानं कापला गेला तर माणूस तिथेच संपतो. वाळूमाशीच्या चाव्यानं कानाची पाळी झडते, त्या रोगाचं नावच चिक्लेरोचा व्रण असं आहे.

महिनोन् महिने जंगलात फिरणाऱ्या या माणसांना झाडांमधल्या भिंती कोणाहीपेक्षा आधी माहीत होत्या. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ सिल्व्हेनस मॉर्लीनं तर बक्षीसच लावलं होतं: अक्षरं असलेला दगड दाखवा आणि २५ डॉलर घेऊन जा. १९१६ साली तिकालच्या उत्तरेला २३ किलोमीटरवर वाशाक्तून हे जुनं शहर त्याला मिळालं ते चिक्लेरोंकडून. माया भाषेत आठ आणि दगड हे शब्द जोडून ते नाव त्यानंच दिलं, कारण तिथल्या एका स्तंभावर ३२८ सालची तारीख होती, कालगणनेच्या आठव्या चक्रातली. आणि तिकालचं वैरी कालाकमुल? १९३१ साली सायरस लंडेल या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते विमानातून दिसलं. तो तेव्हा चिकलच्याच कामात होता. तिकालचं शेजारी आणि तिकालचं वैरी, दोन्ही शहरं आधुनिक जगाला एकाच झाडाच्या मागावर सापडली. २०१८ साली विमानातून लेसर फिरवून २,१०० चौरस किलोमीटरवर साठ हजारांहून जास्त बांधकामं मोजली, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. त्या बातम्या मी आनंदानं वाचल्या. पण कोयता घेऊन त्याच जागा पायाखाली घातलेल्या माणसांची नावं इतिहासात आली असती, तर जास्त आनंद झाला असता.

तिकालमधल्या चौथ्या मंदिराच्या कोरीव तुळया आज तिथे नाहीत. गुस्ताव्ह बर्नुली या स्विस डॉक्टरनं १८७७ साली तिकालला भेट दिली, आणि त्यानंतर त्या उतरवून स्वित्झर्लंडला गेल्या. बासेलच्या संग्रहालयात मी त्या मुद्दाम जाऊन पाहिल्या. प्रचंड सर्पाच्या कमानीखाली राजा बसलेला आहे. लाकडाचा रंग आमच्या माडीवरच्या जुन्या पाटासारखा. काम इतकं नाजूक आहे की दगडाच्या टोकानं हे झालं यावर विश्वास बसत नाही. तिथल्या थंड, कोरड्या हवेत त्या टिकतील, हे खरं. पण दार तिकडे आहे आणि तुळई इकडे. एक वेळ त्या सुरक्षित आहेत याचं समाधान वाटतं, पण मन त्यावर थांबत नाही.

शेवटचे दोन दिवस मी वाशाक्तूनला राहिले. तिकालला जाणाऱ्यांपैकी फार थोडे पुढचा तो खडबडीत रस्ता धरतात. जाणाऱ्यांनी धरावा. गावाच्या मधोमध गवतानं भरलेली धावपट्टी आहे. चिकलच्या विटा न्यायला इथे विमानं उतरत, आणि घरं तिच्या दोन्ही अंगांना वसत गेली. आता तिच्यावर मुलं फुटबॉल खेळतात, घोडे चरतात. एका बाजूला दोन हजार वर्षं जुना, मुखवटे असलेला पिरॅमिड आहे. त्याच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की समोरच्या तीन छोट्या मंदिरांमागे वर्षाच्या ठरावीक दिवशी सूर्य उगवतो. या गावाला २००० साली ८३ हजार हेक्टरांहून जास्त जंगल सांभाळायला मिळालं. गावकरी त्यातून पुष्पगुच्छात लागणारी शाते पामची पानं काढतात, रामोनच्या बिया गोळा करतात, ठरवून दिलेली झाडं तोडतात, आणि थोडा चिकलही काढतात. वणवा लागला तर विझवायला तेच धावतात.

एक वयस्क गृहस्थ मला जंगलात घेऊन गेले. त्यांच्या उजव्या कानाची पाळी नव्हती. आमच्यात भाषा तुटपुंजी होती. माझं स्पॅनिश पुस्तकातलं आणि त्यांचं जंगलातलं. मी घोलवडहून नेलेल्या वाळवलेल्या चिकूच्या चकत्या काढल्या. आमच्याकडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि आमच्या गावात त्याचा केवढा अभिमान आहे, हे मला त्यांना सांगायचं होतं. शब्द सापडले नाहीत. त्यांनी चकती तोंडात टाकली, सावकाश चावली, आणि झाडाकडे बोट दाखवून प्रश्नार्थक पाहिलं. मी मान डोलावली. तेवढ्यावर आमचं बोलणं पुरं झालं.

मग त्यांनी मला एक झाड दाखवलं. बुंध्यापासून नजर पोचेल तिथपर्यंत सालीवर नागमोडी वळ होते. काही जुने, भरून आलेले, आपल्या हातावरच्या जखमेसारखे गुळगुळीत. काही ताजे, कडेला तांबूस. ताज्या वळांवर त्यांनी तळहात फिरवला आणि बोटं मोजून दाखवली, एक, दोन, तीन, चार, पाच. अजून पाच वर्षं या झाडाला हात लावायचा नाही. मी विचारलं, "तेव्हा याच्यावर कोण चढेल?" त्यांनी मागे वळून गावाच्या दिशेनं पाहिलं. धावपट्टीवरून मुलांचा आरडाओरडा ऐकू येत होता. ते पुढच्या झाडाकडे चालू लागले, आणि मी त्यांच्या मागे.